दोनशे सतरा नंबरचा माग

गिरणी बंद होऊन सातवा महिना लागला, तेव्हा झिलामावशीने घराची पायरी दिवसातून तीनदा घासायला सुरुवात केली. आमच्या थॉर्नशॉ गावात पायरी रोज सकाळी एकदा दगडाने घासायची आणि कडेला पिवळी रेघ ओढायची, ही रीत. त्याहून जास्त घासणारी बाई एक तर नवी नवरी असते, नाहीतर डोकं फिरलेली. मावशी सत्तेचाळीस वर्षांची विधवा होती, तेव्हा गल्लीने काय समजायचं ते समजून घेतलं.

मी तिच्या शेजारी राहायचे. चौदाव्या वर्षी तिच्याच हाताखाली मी माग शिकले आणि पुढे बारा वर्षं तिच्या शेजारचे चार माग चालवले. रक्ताचं नातं काही नव्हतं, पण आमच्याकडे आईच्या वयाच्या शेजारणीला मावशी म्हटलं नाही तर कानाखाली बसते.

तिला स्वस्थ बसणं म्हणून ठाऊक नव्हतं. भोंगा वाजत नसला तरी पहाटे पाचला उठून, शाल पांघरून, लाकडी तळाचे बूट खडखडवत ती गल्लीच्या टोकापर्यंत जायची आणि परत यायची. चहा पिताना तिचा उजवा हात टेबलाखाली मागाची मूठ ओढल्यासारखा हलत राहायचा. "कानात कुणी कापूस कोंबलाय गं माझ्या," ती म्हणायची. चारशे मागांच्या खडखडाटात सत्तावीस वर्षं काढलेल्या बाईला घड्याळाची टिकटिक काय पुरणार? मी तरी कुठे बरी होते! मी भांडत सुटले होते. आईशी, दूधवाल्याशी, चॅपलच्या पाद्र्याशी, कुणीही चालायचं.

आम्ही धोतरं विणायचो. हिंदुस्थानात जाणारी, लाल नाहीतर निळ्या किनारीची. तिकडे पुरुषमाणसं हे नेसतात एवढं आम्हाला ठाऊक होतं, पण एवढं लांबलचक कापड अंगावर राहतं कसं, याचा उलगडा कुणालाच झाला नव्हता. आमच्या मागांची दुरुस्ती करणारा जॉबर एझ्रा छातीठोकपणे सांगायचा, "सोपंय. नवरा एक टोक धरून उभा राहतो आणि बायको दुसरं टोक घेऊन त्याच्याभोवती पळते." आमच्या भागात मूर्खपणाचे सगळे विनोद जॉबरच्या नावावर असतात, आणि त्यातले निम्मे एझ्रा स्वतःच पुरवायचा. डागी निघालेली धोतरं आम्हाला स्वस्तात मिळत. त्यामुळे अख्ख्या गल्लीत खिडक्यांना धोतरांचे पडदे होते. मावशीकडे निळ्या किनारीचं, आमच्याकडे लाल.

मग तिकडच्या लोकांनी आमचं कापड घ्यायचं नाही असं ठरवलं. चौकाचौकात त्याच्या होळ्या केल्या म्हणे. मला राग आला, खोटं कशाला बोलू? माझ्या ताटातली भाकरीच जाळल्यासारखं वाटलं. वर्तमानपत्रातली ती बातमी मी मावशीला वाचून दाखवली, तर ती पायरी घासता घासता म्हणाली, "विणीला नावं ठेवली का गं कुणी?"

"वीण कोण बघतंय मावशी! जाळली म्हणतेय मी."

"जाळू देत. विणीला नावं ठेवली नाहीत ना?"

अशी बाई. डोकं फोडून घ्यावंसं वाटायचं मला.

मे महिन्यात, १९३१ साली, आमच्या गावात साम्राज्य सप्ताह आला. लंडनच्या सरकारी मंडळाची मोठमोठी रंगीत चित्रं लाकडी चौकटीत लागली. कुठे मळ्यातून चहा खुडणाऱ्या बायका, कुठे मेंढ्या, कुठे संत्र्यांनी लगडलेली झाडं. सगळीकडे एकच मंत्र: साम्राज्याचा माल घ्या, परक्याचा नको. वाण्याने डेन्मार्कचं लोणी मागे लपवलं आणि न्यूझीलंडचं पुढे मांडलं. आम्ही ब्रेडला चरबी फासून खात होतो. आम्हाला दोन्ही लोणी सारखीच लांब.

पण आम्हाला आशा होती, आणि ती आमच्या मालकाने लावली होती. क्रॉसबँक गिरणीचे धाकटे मालक, वॉल्मस्ली, चॅपलच्या सभागृहात उभे राहून म्हणाले होते, "हा सप्ताह दणक्यात होऊ द्या. लंडनचे साहेब येताहेत. आपण साम्राज्याचा माल घेतो हे त्यांनी पाहिलं, की साम्राज्यसुद्धा आपला माल घेईल. जूनच्या पहिल्या सोमवारी भोंगा वाजेल, हा माझा शब्द." बायका रडल्या. मी टाळ्या वाजवल्या, तळवे लाल होईपर्यंत.

आणि इथेच मावशीचा जीव टांगणीला लागला. तिची चुलतबहीण लेस्टरला मोज्यांच्या कारखान्यात मुकादम होती. तिचं पत्र आलं होतं: दोन जागा धरून ठेवल्यात, एक तुझी, दुसरीवर तू आणशील ती. मेच्या शेवटच्या शनिवारच्या टपालाने होकार टाकला नाहीस तर दुसऱ्या कुणाला देईन. सात महिन्यांत असं पत्र आमच्या गल्लीत दुसरं आलं नव्हतं. मावशी ते एप्रनच्या खिशात घालून हिंडायची, दिवसातून दहादा काढायची, पुन्हा ठेवायची.

"जा की," मी म्हणाले.

"आणि सोमवारी भोंगा वाजला तर? माझे माग कुणाच्या हाती जातील? त्या एमीच्या? ती किनार ओढून धरते."

"मग जाऊ नकोस."

"आणि नाही वाजला तर?"

असं दिवसभर. घोड्याच्या पुढे एक आणि मागे एक माणूस दोर धरून उभा असावा, तशी तिची गत. तिचा निकाल लागला असता तर माझाही लागला असता, कारण ती दुसरी जागा माझी, हे न बोलता ठरलेलं होतं.

त्यातच मालकाचा निरोप आला. टॅटरसॉलच्या कापडदुकानाच्या मोठ्या खिडकीत सप्ताहभर एक चालता माग ठेवायचा आणि गिरणीतल्या सगळ्यांत चांगल्या बाईने तिथे धोतर विणून दाखवायचं. म्हणजे झिला डकवर्थनेच. आणि एझ्राने गाडीवर घालून आणला तो माग तिचाच, दोनशे सतरा नंबरचा. मावशीने त्याला पाहिलं आणि तिचा चेहरा असा उजळला की मला लाज वाटली. नवरा लढाईवरून परत आला तेव्हाही मी तिला एवढी खूश पाहिली नव्हती.

दोन दिवस तिने तो पुसला, घासला, तेल दिलं. बाजूला बसून एझ्रा सूचना करत होता.

"चाकाला तेल जास्त झालं, झिला."

"तुझ्या डोक्याला घालू का उरलेलं? सात महिने गंजलंय तेही."

सोमवारी माग चालू झाला. काचेपलीकडून आम्हाला त्याचा आवाज पुसट यायचा, पण पायाखालची फरशी थरथरायची आणि तेवढ्यानेसुद्धा बायकांच्या डोळ्यांत पाणी. काचेच्या आत मावशी, मागे राजाराणीचं चित्र, दोन्ही बाजूंना ऑस्ट्रेलियाच्या पीचच्या डब्यांचे मनोरे. टॅटरसॉलने तिला मधूनमधून हसायला सांगितलं होतं. तिला विणताना हसता यायचं नाही. दात दुखल्यासारखं तोंड व्हायचं.

आता एक गोष्ट सांगते, ती आमच्याकडच्या पोरीसोरींनाही ठाऊक असते. मागांच्या शेडमध्ये तोंडाने ओरडलं तरी शेजारणीला ऐकू जात नाही. म्हणून आम्ही ओठांनी बोलतो. आवाज न काढता, ओठ मोठे मोठे हलवून. शेडच्या या टोकाची बाई त्या टोकाच्या बाईला नवऱ्याच्या कागाळ्या सांगते, आणि मधल्या चाळीसजणी त्या वाचतात. मावशी तर पंचवीस पावलांवरून कुणाचेही ओठ वाचायची. थोरल्या मालकांना हे पक्कं ठाऊक होतं. ते शेडमध्ये कुणाशी बोलले तर तोंडापुढे हात धरायचे. धाकट्यांचं शिक्षण दूर कुठल्याशा मोठ्या शाळेत झालेलं. त्यांनी शेडमध्ये कधी दहा मिनिटं सलग काढली नाहीत, त्यांना कोण सांगणार?

गुरुवारी दुपारी चार वाजता बडी मंडळी खिडकी पाहायला आली. धाकटे वॉल्मस्ली, लंडनचे साहेब, आणि त्यांच्याबरोबर हिंदुस्थानातला एक गृहस्थ. मुंबईच्या कुठल्याशा गिरणीचा इंजिनियर, आणि नाव कूपर! आमच्या गल्लीत तीन कूपर होते. टॅटरसॉलने ओळख करून दिली तेव्हा आम्हाला वाटलं, थट्टा करतोय. माझ्या शेजारी उभी असलेली एमी कुजबुजली, "विजार घातलीय गं यानं. धोतर कुठंय?"

"आपलं जाळल्यावर काय नेसणार?" मी म्हणाले. आसपासच्या बायका फिदीफिदी हसल्या.

ते तिघे काचेला नाक लावून उभे, त्यांच्या मागे दोरी, आणि दोरीमागे आम्ही दीडदोनशे बायका. आम्हाला त्यांच्या पाठी दिसत होत्या. त्यांचे चेहरे फक्त मावशीला दिसत होते.

लंडनचे साहेब बाजूला होऊन पीचच्या डब्यांचं कौतुक करू लागले. वॉल्मस्ली त्या इंजिनियरशी बोलत होते, हात मागाकडे करून. कूपर वाकून खालचं काही पाहत होता. मावशीची नजर इकडून तिकडे धावणाऱ्या धोट्यावरून उठली, मालकांच्या तोंडावर गेली आणि तिथेच राहिली. हात चालू, माग चालू. सत्तावीस वर्षांत तिने विणताना कापडावरून एवढा वेळ नजर काढल्याचं मला आठवत नाही.

मग तिने त्यांच्या डोक्यांवरून माझ्याकडे पाहिलं आणि ओठ हलवले. सावकाश, मोठे, शेडमध्ये हलवायची तसे.

"विकले."

मी ओठांनीच विचारलं, "काय?"

"सगळे माग. चारशे बारा. मुंबईला." मग मागाकडे मान करून, "हासुद्धा. तो बघायला आलाय, चालतो का ते."

मावशीचे ओठ अजून हलत होते. मालक काय म्हणतोय ते ती आम्हाला जसंच्या तसं देत होती, "सोमवारी गाड्या येतील. सप्ताह पार पडू दे. तोवर बायकांना कळता कामा नये. शेवटी हाही साम्राज्यातलाच व्यापार." शेवटच्या वाक्यावर मालकाची पाठ हसल्यासारखी हलली. ते मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं.

दोरीमागे एकही बाई अशी नव्हती जिने हे वाचलं नाही. आवाज मात्र कुणाचाच नाही. लंडनचे साहेब वळून पाहायला लागले, एवढी माणसं एकदम गप्प का झाली म्हणून. मला आठवत होतं ते तिचं दोन दिवसांचं पुसणं आणि तेल देणं. आपल्या हाताने नटवून, खिडकीत उभा करून, बाईने स्वतःचाच माग गिऱ्हाइकाला चालवून दाखवला होता. कसायाने गाय नेताना मालकिणीकडून तिला अंघोळ घालून घ्यावी, तसं.

"मोड," मी ओठांनी म्हणाले. "धोटा अडकव. मोडून टाक त्याला."

आणि सगळ्या बायकांचे ओठ तेच म्हणू लागले. मोड. मोड. मोड. दीडशे तोंडं, आवाज नाही. धोटा चालता चालता ताण्याच्या उभ्या धाग्यांत अडकवला की शेकडो धागे तुटतात आणि मागाचा असा चुथडा होतो की पाहणाऱ्याने तो भंगारातही घेऊ नये. तिला नुसती मूठ अर्धवट धरायची होती. आमचं सगळ्यांचं उट्टं निघालं असतं, आणि मला ते हवं होतं. आजही, इतक्या वर्षांनी, अर्धं मन म्हणतं की हवंच होतं.

मावशीचा हात मुठीवर गेला. तिने माग थांबवला. नीट, रोज संध्याकाळी थांबवायची तसा, धोटा पेटीत आणून. एप्रनला हात पुसले. मग पीचचा एक मनोरा बाजूला सारून ती खिडकीतून दुकानात उतरली, दारातून बाहेर आली आणि थेट त्या मुंबईच्या माणसासमोर उभी राहिली.

शेडमध्ये राहून आम्ही सगळ्याच निम्म्या बहिऱ्या. मावशीला हळू बोलणं जमायचंच नाही.

"कूपरसाहेब," तिचा आवाज चौकाच्या पार गेला, "डावीकडचा पट्टा दमट हवेत ढिला पडतो. तुमच्याकडं पाऊस फार म्हणतात. दर आठवड्याला आवळायला सांगा. आणि धोटा उजवीकडून सोडताना मूठ एकदम ओढायची नाही, हळू ओढायची. एकदम ओढली की किनार खाते. हे लिहून घ्या. हा माग ज्याच्या हाती जाईल त्यानं मला शिव्या घालायच्या नाहीत, की झिला डकवर्थनं वाईट माग गळ्यात मारला."

वॉल्मस्लींचा चेहरा लोण्यासारखा पांढरा पडला. लंडनचे साहेब एकदा त्यांच्याकडे, एकदा आमच्याकडे बघत होते. कूपर मात्र गोंधळला. त्याने टोपी काढली. "पण बाई," तो म्हणाला, "तुम्हा लोकांना... हे माहीत होतं ना?"

"आत्ता कळलं," मावशी म्हणाली. "काचेतून."

त्या माणसाने खिशातून वही काढली आणि खरंच लिहून घेतलं. डावा पट्टा, दर आठवड्याला. लिहिलेलं त्याने तिला परत वाचून दाखवलं, हे मी सांगायलाच हवं, कारण मला तो माणूस आवडू नये अशी माझी फार इच्छा होती.

"मिसेस डकवर्थ," वॉल्मस्ली दातओठ खात म्हणाले, "आत जा. शनिवारपर्यंतचं काम तुम्ही कबूल केलंय."

"माग विकलात ना मालक?" मावशी म्हणाली. "चालवणारी विकायची राहिली वाटतं."

तेव्हा आवाज फुटला. इतका वेळ गप्प राहिलेल्या बायकांचा तो आवाज चारशे मागांना भारी पडला असता. दोरी कुणी तोडली ठाऊक नाही, मी असेन. बायका गिरणीच्या फाटकाकडे धावल्या आणि मीही धावले. फाटकाच्या फटीतून आत पाहिलं तर शेडच्या दाराशी माग सुटे करून, नंबराच्या चिठ्ठ्या बांधून रांगेत उभे होते. एझ्रा एका खोक्यावर बसला होता. त्याला मंगळवारपासून ठाऊक होतं. नोकरी जाईल म्हणून तो बोलला नव्हता. मी त्याला जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. त्याने या वेळी विनोदसुद्धा केला नाही.

परत आले तेव्हा मावशीच्या घराचं दार सताड उघडं होतं आणि पायरी कोरडी होती. ती टेबलाशी बसली होती. हात मांडीवर, अगदी स्थिर. मला ते बघवेना. सात महिने मी या बाईला क्षणभर तरी बस म्हणून ओरडत होते, आणि आता ती बसली तर मलाच घर खायला उठलं.

"मोडायचं होतंस," मी म्हणाले. "एवढा एक माग तरी."

"त्यानं काय केलंय?"

"त्यानं नाही. मालकानं केलंय!"

"मग मालकाला मोडायचं. मागाला कशाला?" तिने कागद आणि दौत माझ्याकडे सरकवली. "तुझं अक्षर बरंय. लेस्टरला लिही. दोघींची नावं घाल."

"मी येते असं कधी म्हणाले?"

"तू भांडतेस खूप. तिकडं कुणीतरी ओळखीचं लागेल मला." एवढंच बोलून ती खिडकीबाहेर पाहू लागली.

मी आईचा विचार केला, आणि चॅपलचा, आणि या गल्लीचा, जिच्याबाहेर मी कधी दोन रात्रींपलीकडे राहिले नव्हते. मग दोघींची नावं लिहिली. हेटी ग्रीनहॉल, वय सव्वीस. झिला डकवर्थ, वय सत्तेचाळीस. बहिणीला कारखान्यात दाखवायला आणखी काय लिहू, असं मी विचारलं.

मावशी एक एक शब्द सांगत गेली आणि मी लिहीत गेले. क्रॉसबँक गिरणी. धोतरं, साधी आणि किनारीची. सत्तावीस वर्षांत खोट काढून परत आलेले तागे, तीन. एकटी चार माग चालवते.

मी शाई टिपली. ती वाकून पाहत होती. तिला वाचता येत नव्हतं फारसं, पण तो शब्द तिने बोट ठेवून बरोबर शोधला.

"'चालवते' खोड," ती म्हणाली. "'चालवत होते' लिही."